अग्नीची मर्यादा: कर्करोगावरील उष्णोपचार आणि साधनाची नीती

अन्न शिजवणारा, हवी देवांपर्यंत पोहोचवणारा आणि अखेरीस देहाचे भस्म करणारा अग्नी एकच आहे, असे भारतीय परंपरा वेदकाळापासून मानत आली आहे. या अग्नीला आपपर कळत नाही. जे समोर येईल ते तो तापवतो. ज्या शक्तीच्या ठायी निवड करण्याची क्षमताच नाही तिच्याकडून निवडक कार्य करून घ्यायचे असेल, म्हणजे रोग नष्ट करून रोगी वाचवायचा असेल, तर ती निवड कोणी करायची, कशाच्या आधारे करायची आणि ती चुकली तर दोष कोणाच्या माथी जातो, हा नीतिशास्त्राचा जुनाच प्रश्न आहे. कर्करोगावरील उष्णोपचारात, ज्याला वैद्यकात ‘हायपरथर्मिया’ म्हणतात, आणि त्यातही त्या उपचारासाठी लागणाऱ्या अँटेनांच्या रचनेत, हा प्रश्न इतक्या मूर्त स्वरूपात समोर येतो की धर्मचिंतनाच्या अभ्यासकाने त्याकडे केवळ अभियांत्रिकीचा विषय म्हणून पाहणे योग्य होणार नाही.

अग्नीने रोग बरा करण्याची कल्पना भारतीय वैद्यकाला अपरिचित नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बाराव्या अध्यायात अग्निकर्माचा, म्हणजे डाग देऊन करावयाच्या उपचाराचा, विधी सांगितला आहे, आणि औषध, शस्त्र व क्षार यांनी बरे न होणारे विकार अग्नीने बरे होतात असा त्याचा गौरवही तेथे केलेला आहे. परंतु त्या अध्यायाचे खरे मोल या गौरवात नसून त्याने अग्नीला घातलेल्या मर्यादांत आहे. रोग त्वचेत असेल तर पिंपळी, शेळीची लेंडी, गाईचा दात किंवा शलाका तापवून वापरावी, मांसात असेल तर धातूची साधने वापरावीत, आणि शिरा, स्नायू, सांधे व हाडे यांपर्यंत पोहोचायचे असेल तर मध, गूळ किंवा स्नेहपदार्थ तापवून वापरावेत, अशी खोलीनुसार साधनांची विभागणी तेथे आहे. दाहाचेही प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार केले असून, वैद्याला हवा असतो तो केवळ सम्यग्दग्ध, म्हणजे योग्य तेवढाच आणि योग्य तेथेच झालेला दाह. बालक, वृद्ध, दुर्बल आणि भ्यालेला मनुष्य यांना अग्निकर्म करू नये असेही बजावले आहे. डाग देणे आणि आजचा उष्णोपचार या अगदी भिन्न क्रिया आहेत, त्यामुळे प्राचीनांना आधुनिक तंत्र ठाऊक होते असा अर्थ यातून काढणे चुकीचे ठरेल. मात्र साधन, खोली, मात्रा आणि रोग्याची अवस्था या चार गोष्टींचा मेळ बसल्याखेरीज अग्नी औषध होत नाही, हा सुश्रुतांचा निर्णय आजही तसाच लागू पडतो.

आधुनिक काळात या विचाराला चालना मिळाली ती तापामुळे. जर्मनीतील बॉन येथील शल्यचिकित्सक विल्हेल्म बुश यांनी १८६६ मध्ये एका रुग्ण स्त्रीची हकिगत नोंदवली, जिच्या चेहऱ्यावरील मांसार्बुद विसर्प या जंतुसंसर्गाच्या तीव्र तापानंतर विरून गेले होते. पुढे १८९० च्या दशकात न्यूयॉर्कचे विल्यम कोली यांनी जंतूंपासून तयार केलेले द्रव्य टोचून मुद्दाम ताप आणण्याचे प्रयोग केले. त्या परिणामात देहाच्या प्रतिकारशक्तीचा वाटा किती आणि उष्णतेचा किती, हे वेगळे काढता येत नव्हते. उष्णतेचा स्वतंत्र अभ्यास प्रयोगशाळेत झाल्यावर जे निष्पन्न झाले ते असे की, पेशी सुमारे ४० ते ४४ अंश सेल्सिअस तापमानात तासभर ठेवल्यास तिची प्रथिने बिघडू लागतात, किरणोत्साराने तुटलेला डीएनए सांधण्याची तिची क्षमता मंदावते, आणि त्यामुळे किरणोपचार किंवा केमोथेरपी तिच्यावर अधिक परिणाम करते. १९८४ मध्ये सापारेटो आणि ड्युई यांनी उष्णतेच्या मात्रेचे जे गणित मांडले त्यानुसार, ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला तोच परिणाम निम्म्या वेळात होतो, तर ४३ च्या खाली प्रत्येक अंशाला चौपट वेळ लागतो. म्हणजे ४२ अंश आणि ४४ अंश यांत हाताला जाणवणारा फरक थोडा असला, तरी परिणामात आठपट अंतर पडते. सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध यांच्यामधली वाट इतकी अरुंद आहे.

येथे एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. कर्करोगाची पेशी बाहेरून आलेली नसते. ती त्याच देहाची, त्याच वंशसूत्रांतून निर्माण झालेली आणि वाढीचे नियंत्रण सुटलेली पेशी असते. उष्णतेला ती वेगळी ओळखू येण्याचे कारण नाही. फरक पडतो तो परिस्थितीमुळे: गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असल्याने तेथील काही भागांत प्राणवायू कमी पडतो, आम्लता वाढते, आणि अशा उपाशी पेशी किरणांना दाद देत नसल्या तरी उष्णतेला लवकर बळी पडतात. निसर्गाने दिलेला हा भेद थोडा आहे. उरलेला भेद मनुष्याला निर्माण करावा लागतो, आणि तो निर्माण करण्याचे काम अँटेनाकडे येते.

अँटेना म्हणजे विद्युतप्रवाहाचे विद्युतचुंबकीय लहरींत रूपांतर करून त्या ठरावीक दिशेने सोडणारी रचना. या लहरी देहात शिरल्या की पाण्याचे रेणू आणि क्षारांचे कण डोलू लागतात आणि त्या घर्षणातून उष्णता उत्पन्न होते. रचनाकारासमोर पहिला पेच उभा राहतो तो वारंवारतेचा, म्हणजे लहर सेकंदाला किती वेळा आंदोलते याचा. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरीची तरंगलांबी स्नायूमध्ये २ सेंटिमीटरपेक्षाही कमी असल्याने ती बारीक जागेवर एकवटता येते, परंतु जेमतेम तेवढ्याच खोलीवर तिची शक्ती ओसरू लागते. १०० मेगाहर्ट्झची लहर ओटीपोटाच्या गाभ्यापर्यंत पोहोचते, परंतु तिची तरंगलांबी स्नायूतही सुमारे ३० सेंटिमीटर असल्यामुळे तिचा केंद्रभाग मुठीहून मोठाच राहतो. जी लहर खोल जाते ती नेमकी नसते आणि जी नेमकी असते ती खोल जात नाही. म्हणूनच ओटीपोटातील गाठींसाठी साधारण ७० ते १२० मेगाहर्ट्झ, डोके व मान यांसाठी ४३४ मेगाहर्ट्झ, आणि त्वचेलगतच्या गाठींसाठी ४३४ किंवा ९१५ मेगाहर्ट्झ अशी विभागणी झाली आहे. ती पाहिली की सुश्रुतांनी खोलीनुसार केलेल्या साधनांच्या विभागणीची आठवण होणे स्वाभाविक आहे.

या पेचातून काही अंशी सुटका होते ती अनेक अँटेनांच्या सहकार्यामुळे. चार अँटेना देहाभोवती बसवून त्यांच्या लहरींच्या फेज, म्हणजे लहरीचा चढ व उतार कोणत्या क्षणी यावा याचा क्रम, अशा जुळवल्या की चारही लहरींचे चढ गाठीपाशी एकाच क्षणी येतील, तर तेथे विद्युतक्षेत्र चौपट होते, आणि उष्णता क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात निर्माण होत असल्याने ती सोळापट होते. त्याच चार लहरी परस्परांशी मेळ नसताना आल्या असत्या तर उष्णता केवळ चौपट झाली असती. रॉटरडॅमच्या इरॅस्मस वैद्यकीय केंद्रात डोके व मान यांसाठी तयार झालेल्या ‘हायपरकॉलर’ या साधनात अशा १२ अँटेना दोन कड्यांत बसवलेल्या होत्या. अँटेना आणि त्वचा यांच्यामध्ये शुद्ध पाण्याची पिशवी ठेवतात, कारण हवेतून येणारी लहर त्वचेवरून मोठ्या प्रमाणात परतते, तर पाण्यातून येणारी लहर देहात सहज शिरते. शिवाय तेच पाणी खेळते ठेवून त्वचेला थंडही राखता येते. एकीकडे आत उष्णता पाठवायची आणि दुसरीकडे तिच्याच वाटेवर थंडावा राखायचा, ही या रचनेची मूलभूत शिस्त आहे.

एवढे करूनही लहरी गाठीशिवाय अन्यत्र एकत्र येतातच. चरबी आणि स्नायू यांच्या सीमेवर, हाडाच्या कडेला किंवा पोकळीच्या काठावर अनपेक्षित तापणाऱ्या जागा निर्माण होतात. त्यांना तप्तबिंदू म्हणता येईल. रुग्णाच्या सीटी स्कॅनवरून त्याच्या देहाची संगणकात प्रतिकृती करून, प्रत्येक ऊतीचे विद्युतगुणधर्म तीत भरून, सर्व अँटेनांच्या फेज आणि आयाम, म्हणजे लहरींची उंची, कशा ठेवाव्यात याचा शोध उपचारापूर्वी घेतला जातो. या शोधासाठी संगणकाला एक निकष द्यावा लागतो. प्रचलित निकषांपैकी एकात, निरोगी ऊतींपैकी सर्वाधिक शक्ती शोषणारा जो १ टक्का भाग असेल त्याची सरासरी घेऊन तिला गाठीतील सरासरीने भागतात, आणि हे गुणोत्तर शक्य तितके लहान करतात.

हा निकष वरवर निव्वळ गणिती वाटला तरी त्यात एक नैतिक भूमिका दडलेली आहे. सर्व निरोगी ऊतींची सरासरी घेतली असती तर तळहाताएवढ्या जागेची होरपळ उरलेल्या देहाच्या थंडपणात लपून गेली असती आणि हिशेब निर्दोष दिसला असता. सर्वाधिक सोसणाऱ्या १ टक्क्याकडे पाहण्याचा निर्णय म्हणजे बहुतांचे हित साधताना थोड्यांच्या वाट्याला आलेले दुःख बेरजेत विरघळू द्यायचे नाही, असा निर्णय आहे. समाजाच्या न्यायाविषयी बोलताना जो मुद्दा तत्त्ववेत्ते मांडतात, तोच येथे एका समीकरणाच्या अंशस्थानी बसलेला आहे. ते समीकरण कोणी लिहिले याचा रुग्णाला पत्ता नसतो. परंतु त्याच्या देहाचा कोणता भाग किती सोसणार, हे त्या समीकरणाने बरेचसे आधीच ठरवलेले असते.

अहिंसेचा प्रश्न येथे टाळता येत नाही. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना ज्ञानदेवांनी आयुर्वेदालाही तपासणीतून सोडलेले नाही. एका जीवाच्या रक्षणासाठी झाडांची मुळे खणावी लागतात, साली सोलाव्या लागतात, म्हणजे जीवासाठीच जीवघात होतो, याकडे ते परखडपणे लक्ष वेधतात. या तपासणीचा अर्थ उपचारच करू नयेत असा घेतला तर ती करुणेलाच विरोधी ठरेल. तिचा अधिक फलदायी अर्थ असा की, हेतू चांगला आहे एवढ्यावर उपचारातील हिंसेचा हिशेब मिटत नाही. ती हिंसा डोळ्यांआड न करता पाहिली पाहिजे, मोजली पाहिजे आणि शक्य तेवढी कमी केली पाहिजे. तप्तबिंदू शोधण्याचे आणि फेज पुन्हा जुळवून तो विझवण्याचे काम हे अहिंसेच्या याच अर्थाचे आचरण आहे. देहाच्या आत चालणाऱ्या उपचारात शून्य इजा शक्य नसते, म्हणून तेथे अहिंसा पूर्ण होत नाही. इजा सतत कमी करत नेण्याची प्रक्रिया म्हणून ती टिकते.

यानंतरचा प्रश्न कर्तृत्वाचा. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचे स्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे क्रिया, आणि पाचवे दैव, आणि या पाचांमुळे कर्म घडत असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला यथार्थ दिसत नाही, असेही तेथे म्हटले आहे. उष्णोपचाराला ही मांडणी आश्चर्य वाटावे इतकी लागू पडते. अधिष्ठान हा रुग्णाचा देह, कर्ता हा उपचार करणारा वैद्य, करण म्हणजे अँटेना, चेष्टा म्हणजे शक्ती आणि फेज यांचे क्षणोक्षणीचे फेरबदल. दैव या पाचव्या कारणाचा अर्थ मात्र पूर्वजन्मीचे फळ असा न घेता, कर्त्याच्या पूर्वज्ञानाच्या पलीकडे राहणारा भाग असा घेतला, तर येथे त्याचे नेमके रूप दाखवता येते: ते म्हणजे रक्ताचा प्रवाह. १९४८ मध्ये हॅरी पेनेस यांनी मांडलेल्या समीकरणात ऊतींना मिळणारी उष्णता आणि रक्ताने वाहून नेलेली उष्णता यांचा ताळा आहे. परंतु देह तापू लागला की निरोगी स्नायूतील रक्तपुरवठा कित्येक पटींनी वाढतो, आणि तो कोणत्या व्यक्तीत, कोणत्या दिवशी, किती वाढेल हे आधी अचूक सांगता येत नाही. संगणकाने वर्तवलेले तापमान आणि देहातील तापमान यांत अंतर पडते ते मुख्यतः येथे.

दैवाची ही जाणीव माणसाला हताश करणारी नाही. ती त्याला मोजायला भाग पाडते. उपचार चालू असताना त्या खोलीत काय घडते हे पाहिले तर ते स्पष्ट होते. रुग्णाच्या ओटीपोटाभोवती अँटेना बसवलेले कडे असते, आतल्या बाजूने पाण्याची पिशवी अंगाला टेकलेली असते, आणि मूत्राशय, योनी किंवा गुदाशय यांत घातलेल्या बारीक नळ्यांमधील संवेदक तापमान दाखवत असतात. काही केंद्रांत एमआरआयच्या साहाय्याने देहाच्या आतील तापमानाचा नकाशाही घेतला जातो. परंतु नळ्या जेथे आहेत तेथलेच तापमान त्या सांगू शकतात. म्हणून तास-दीड तासाच्या या उपचारात रुग्णाला जागे ठेवतात, आणि कुठे भाजल्यासारखे, दाबल्यासारखे किंवा दुखल्यासारखे वाटले तर लगेच सांगावे, असे त्याला बजावलेले असते. त्याने जागा दाखवली की त्या भागाकडील शक्ती कमी केली जाते किंवा फेज बदलून केंद्र सरकवले जाते, आणि मगच पुढे जातात. रुग्णाची तक्रार घेऊन त्यानुसार लहरींची जुळणी पुन्हा करण्याच्या पद्धतीवर नेदरलँड्समध्ये विधिवत संशोधनही झाले आहे. ज्याच्यावर क्रिया होते तो येथे केवळ अधिष्ठान राहत नाही. त्याचा शब्द हा कर्माचाच भाग होतो. बोलण्यास संकोचणारा, वेदना सोसणे हेच धैर्य समजणारा किंवा ज्याची भाषा खोलीत कोणाला कळत नाही असा रुग्ण या उपचारात अधिक असुरक्षित असतो, आणि म्हणून त्याला बोलते करणे हे सौजन्य नसून उपचाराचे अंग आहे.

हेतू आणि परिणाम यांच्या वादाकडेही या अनुभवातून नव्याने पाहता येते. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्माची नैतिक योग्यता बाह्य परिणामावरून न ठरवता कर्त्याच्या बुद्धीच्या शुद्धतेवरून ठरवावी, असा पक्ष आग्रहाने मांडला आहे. हा पक्ष मान्य केला तरी शुद्ध बुद्धीत कशाकशाचा समावेश होतो, हा प्रश्न शिल्लक राहतो, आणि उष्णोपचाराच्या इतिहासाने त्याचे उत्तर देण्यास मदत केली आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकात त्वचेलगतच्या गाठींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत किरणोपचाराला उष्णतेची जोड देऊनही एकंदरीत फरक दिसला नाही. फायदा दिसला तो ३ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत. पुढील परीक्षणात असे ध्यानात आले की, त्या काळची साधने मोठ्या गाठी पुरेशा तापवूच शकत नव्हती. वैद्यांचा हेतू निर्मळ होता, रुग्णांनी विश्वासाने देह पुढे केला होता, आणि तरीही उष्णता जेथे पोहोचायला हवी तेथे पोहोचली नव्हती. त्याउलट नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात ओटीपोटाच्या प्रगत कर्करोगाच्या ३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, खोलवर पोहोचणारी अँटेनांची व्यवस्था वापरल्यावर, गर्भाशयमुखाच्या कर्करोगात तीन वर्षांनंतर जिवंत असलेल्या स्त्रियांचे प्रमाण केवळ किरणोपचाराने २७ टक्के, तर उष्णतेची जोड दिल्यावर ५१ टक्के आढळले. बारा वर्षांनंतरही हा फरक २० आणि ३७ टक्के असा टिकून होता.

या दोन चाचण्या वेगवेगळ्या रोगांवरील असल्यामुळे त्यांची थेट तुलना करता येणार नाही; परंतु त्यांतून मिळणारा धडा निःसंदिग्ध आहे. एखादा विचार खोटा ठरला असे म्हणण्यापूर्वी तो खरोखर आचरणात आला होता का, हे तपासावे लागते. आणि तो आचरणात आणण्याची जबाबदारी साधन घडवणाऱ्यावर येते. ज्याला रुग्णाचे भले करायचे आहे पण उष्णता कुठे जाते हे पाहण्याचे कष्ट घ्यायचे नाहीत, त्याची बुद्धी शुद्ध आहे असे म्हणता येत नाही, कारण ज्ञान मिळवण्याची तयारी हा शुद्ध बुद्धीचाच घटक आहे. अचूकता हा येथे करुणेला बाहेरून जोडलेला तांत्रिक गुण नाही; देहाच्या आत, दृष्टीआड, दुसऱ्याला इजा पोहोचण्याची शक्यता असते तेव्हा करुणेला घेता येणारे तेच एक रूप आहे. अँटेनाची रचना करणारा अभियंता ज्या रुग्णाला कधी भेटणार नाही, त्याच्याशी त्याचा संबंध फक्त या अचूकतेतून जुळतो.

यातूनच प्रामाणिकपणाचे कर्तव्यही निघते. उष्णोपचार हा बहुतेक वेळा किरणोपचार किंवा केमोथेरपी यांच्या जोडीने द्यायचा उपचार आहे. त्यांना बाजूला सारून केवळ उष्णतेने कर्करोग बरा करण्याचे आश्वासन देणे म्हणजे हताश माणसाच्या श्रद्धेचा गैरफायदा घेणे होय. अग्नीविषयी भारतीय मनात असलेला पूज्यभाव अशा आश्वासनांना लवकर भुलू शकतो, म्हणून त्या पूज्यभावाची राखण करणे हे श्रद्धावंतांचेच काम आहे. उष्णतेचा उपचार सुचवला गेला तर रुग्णाने आणि त्याच्या कुटुंबीयांनी संकोच न करता विचारावे की गाठीत नेमके किती तापमान गाठले जाणार, ते कोठे आणि कशाने मोजले जाणार, आणि त्याच आजारात या उपचाराचा लाभ कोणत्या चाचणीत दिसला आहे. या प्रश्नांची उत्तरे देणे हा वैद्याचा आणि साधनकाराचा धर्म आहे, आणि तापमान न मोजता दिलेल्या उष्णतेला कोणीही उपचार म्हणू नये.